न गळणारं सीलसुद्धा गळतं

दिवाळीनंतरच्या एका सकाळी पार्किंगमधून गाडी मागे घेतली, तर फरशीवर रुपयाएवढा लाल डाग. बोट लावून पाहिलं. पातळ, तेलकट, किंचित जळका वास. कूलंट असतं तर बोटावर पाण्यासारखं लागलं असतं, आणि इंजिन ऑइल आमच्या गाडीत एव्हाना काळंभोर झालेलं असतं. गाडी २००५ ची, जुन्या पद्धतीच्या हायड्रॉलिक पावर स्टीयरिंगची. आठवडाभरात डाग बशीएवढा झाला आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे काका म्हणाले, "एक बाटली मिळते, ती टाका, गळती बंद." वरच्या मजल्यावरच्या एका इंजिनिअर गृहस्थांनी लिंबू-मिरची बदलायला सांगितलं, जुनी वाळली होती म्हणे. मिरचीतल्या कॅप्सेसिनचा रबरावर काही परिणाम होत असल्याचं माझ्या वाचनात नाही.

मेकॅनिकने गाडी वर घेतली, स्टीयरिंग रॅकच्या टोकाच्या रबरी बुटाची, म्हणजे आवरणाची, क्लिप सोडली आणि बूट मागे सरकवला. आतून अर्धी वाटी लाल ऑइल ओघळलं. "सर, रॅकचं सील गेलं. बूच गेलं म्हणा ना." या बूच शब्दावर मी अडलो. सील म्हणजे बूच अशीच आपल्या सगळ्यांची समजूत असते. ती चुकीची आहे, आणि कशी चुकीची आहे ते कळलं की रॅकची दुरुस्ती कधी टिकते नि कधी महिन्याभरात पुन्हा गळते, हेही कळतं.

आधी रॅक म्हणजे काय ते पाहू. स्टीयरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक असतं. ते एका आडव्या दातेरी पोलादी दांड्याला डावी-उजवीकडे सरकवतं, आणि दांड्याची दोन टोकं पुढची चाकं वळवतात. एवढं यंत्र पावर नसलेल्या गाडीतही असतं. पावर स्टीयरिंगमध्ये त्याच दांड्यावर मध्ये एक पिस्टन बसवलेला असतो आणि त्याभोवती सिलिंडर. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप पिस्टनच्या एका बाजूला ऑइल दाबतो. समजा सिलिंडरचा व्यास ४० मिलिमीटर आणि दांड्याचा २४. मधे उरलेलं कडं साधारण ८ चौरस सेंटिमीटरचं. पार्किंग करताना दाब ७० बारपर्यंत, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७० किलोपर्यंत गेला, तर पिस्टनवर ढोबळमानाने ५६० किलोचा रेटा पडतो. म्हणजे पन्नास किलोच्या सिमेंटच्या अकरा गोण्या. आपण मात्र एका हाताने, दुसऱ्या हातात फोन धरून (तसं करू नये) चाक फिरवत असतो.

ही कल्पना पिअर्स-अ‍ॅरो या अमेरिकन कंपनीत काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६ मध्ये गाडीवर बसवून दाखवली होती. सामान्य ग्राहकाला ती मिळायला १९५१ ची क्रायस्लर इम्पीरियल यावी लागली. ऑइल कुठल्या बाजूला सोडायचं हे पिनियनजवळची टॉर्शन बार नावाची बारीक पोलादी कांडी ठरवते. चाकं अडून बसली की कांडी पिळली जाते, त्या पिळाने व्हॉल्व्हच्या खाचा एकमेकींवरून सरकतात आणि एका बाजूचा रस्ता मोकळा होतो. जेवढा पीळ तेवढी मदत. या कांडीवर वेगळा लेख होईल, आज डागाकडे जाऊ.

आता अडचण बघा. दांडा सिलिंडरच्या बाहेर आलाच पाहिजे, नाहीतर चाकं वळणार कशी? आणि ऑइल आतच राहिलं पाहिजे. बूच मारून हे साधत नाही, कारण बुचातून काही सरकत नसतं. रबर दांड्यावर कोरडं आवळून बसवलं, तर घासून काही दिवसांत त्याचा चुरा होईल. दांडा सरकताना रबर नि पोलाद यांच्यामध्ये ऑइलचा थर हवाच. हा थर एका मायक्रॉनच्या आसपास असतो. केसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉन धरली, तर त्याच्या साठाव्या हिश्शाएवढा. म्हणजे दांडा बाहेर येतो तेव्हा धडधाकट सीलमधूनही ऑइल बाहेर येतंच. मग फरशीवर थेंब का पडत नाही?

कारण दांडा परत जाताना ते ऑइल पुन्हा आत जातं. नेमकी हीच करामत मला या यंत्रात सगळ्यात आवडते.

पुट्टी मारणाऱ्या कारागिराचा पत्रा आठवा. पत्रा भिंतीला उभा धरून ओढला तर पुट्टी निपटून निघते, मागे अगदी पातळ थर राहतो. पत्रा आडवा करून ओढला तर त्याच्याखालून जाड थर निघून जातो. सीलच्या ओठाला, ज्याला गॅरेजमध्ये लिप म्हणतात, दोन उतार असतात. ऑइलकडचा उतार उभा, हवेकडचा सपाट. दांडा बाहेर येताना ऑइल उभ्या उताराकडून घुसू पाहतं आणि निपटलं जातं, पातळ थरच निसटतो. दांडा आत जाताना बाहेरचा थर सपाट उताराखाली जातो, आणि तिथे जाड थरालाही वाव असतो. बाहेर पडू शकतं त्यापेक्षा जास्त आत जाऊ शकतं, म्हणून बाहेर साचत काहीच नाही. सील हा असा एक पंप आहे, ज्यात रबराच्या कडेखेरीज एकही भाग नाही.

थोडं गणित सांगतो, नको असेल त्याने पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. ओठाखाली संपर्काचा दाब शून्यापासून शिखरापर्यंत किती झपाट्याने चढतो, त्यावर थराची जाडी ठरते. जाडी ही ऑइलचा चिकटपणा गुणिले दांड्याचा वेग, भागिले हा चढ, यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. चढ चौपट तीव्र केला की थर निम्मा होतो. बाहेर येताना ऑइलकडचा चढ मोजायचा, आत जाताना हवेकडचा. आता ऑइलकडची धार झिजून बोथट झाली, आणि बाहेर येणारा थर परत जाणाऱ्यापेक्षा फक्त ०.१ मायक्रॉनने जाड झाला असं धरा. दांड्याचा परीघ ७५ मिलिमीटर, सरकण १५० मिलिमीटर. एका फेरीमागे बाहेर राहिलेलं ऑइल साधारण १ घनमिलिमीटर. एका थेंबात अशी पन्नासेक घनमिलिमीटर बसतात, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस फेऱ्यांना एक थेंब. पार्किंगमधला बशीएवढा डाग एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शातून जन्माला येऊ शकतो. चिकटपणा वर्गमुळात आहे, म्हणून डिसेंबरच्या गार सकाळी घट्ट ऑइलमुळे हा फरकही वाढतो.

हा ओठ बिघडतो कसा? पहिलं कारण उष्णता. रबराच्या लांबलचक रेणूंना गंधकाच्या पुलांनी जोडून लवचीक पण टिकाऊ करता येतं, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं. ते काम कारखान्यात संपत नाही. इंजिनाशेजारच्या उष्णतेत आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे वर्षानुवर्षं नवे पूल बांधले जात राहतात, आणि एके दिवशी ओठ नखाने दाबला तर दबतच नाही. दुसरं कारण फाटका बूट. तो फाटला की पावसाचं पाणी नि चिखल दांड्यावर जातो, दांड्यावरच्या क्रोमच्या मुलाम्याखाली गंज धरतो आणि बारीक खड्डे पडतात. मग दांड्याची प्रत्येक फेरी ओठाला कानस लावून जाते. माझ्या मते शंभरातल्या बऱ्याच रॅक या दोन-तीनशे रुपयांच्या बुटापायी मरतात, पण बुटाकडे वाकून बघतं कोण? तिसरं कारण आपण स्वतः: स्टीयरिंग फुल लॉक करून, म्हणजे पार टोकापर्यंत वळवून, धरून ठेवणं. तेव्हा पंप कमाल दाबावर कण्हत असतो आणि ऑइल तापत असतं.

आता काकांची बाटली. त्यात बहुतेक वेळा रबर फुगवणारे एस्टरसारखे पदार्थ असतात. कडक झालेला ओठ फुगून दांड्यावर पुन्हा टेकतो, गळती काही दिवस कमी होते आणि बाटलीची ख्याती वाढते. पण झिजलेली धार परत येत नाही आणि दांड्यावरचे खड्डे भरत नाहीत. शिवाय जी सीलं धड होती तीही फुगतात. "चमत्कारी" असं लेबल असलेल्या बाटलीला आणि लिंबू-मिरचीला मी एकाच फळीवर ठेवतो, फरक एवढाच की मिरची स्वस्त पडते.

याहून वाईट म्हणजे "ऑइलच तर आहे" म्हणत पावर स्टीयरिंगच्या टाकीत ब्रेक ऑइल ओतणं. ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं, रेणू ध्रुवीय, म्हणजे एका बाजूला किंचित धन नि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण विद्युतभार असलेले. स्टीयरिंगचं ऑइल खनिज तेलातून आलेलं, अध्रुवीय. रॅकची सीलं नायट्राइल रबराची, म्हणजे स्वतः ध्रुवीय. ध्रुवीयात ध्रुवीयच सहज शिरतं, म्हणून खनिज तेल त्यांच्यात शिरत नाही. ग्लायकॉल मात्र शिरतं, आणि रबर पाण्यात टाकलेल्या पावासारखं होतं. आमच्या टाकीच्या झाकणावर कोणतं ऑइल घालायचं ते कोरलेलं आहे. वाचायला दोन सेकंद लागतात.

नवी रॅक घ्यायची की जुनी खोलायची, याचा निकाल दांडा बघून लागतो. आमची रॅक उतरली. रॅक आणि चाक यांना जोडणाऱ्या टाय रॉडची टोकं सोडताना मेकॅनिकने किती आटे फिरले ते खडूने लिहून ठेवलं, आणि स्टीयरिंगचं चाक सीट बेल्टने बांधून टाकलं. ते मोकळं गरगरलं तर एअरबॅगची आतली गुंडाळलेली वायर तुटते. दांडा बाहेर काढून पुसला, मी त्यावर नख ओढलं. एका जागी नख अडकलं, पण ती जागा सीलच्या फेरीबाहेर होती. नख फेरीच्या आत अडकलं असतं, तर सीलचं नवं किट बसवणं म्हणजे नवं रबर कानशीवर ठेवणं झालं असतं.

पिस्टनवर टेफ्लॉनचं कडं असतं. ते रबरासारखं सहज ताणत नाही. गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून हळूच ताणून खाचेत बसवलं, आणि परत आवळायला वरून पातळ पत्रा गुंडाळून क्लिप लावून ठेवली. सगळ्यात नाजूक काम पुढचं. दांड्याच्या दातेरी बाजूचं सील त्या दातांवरूनच सरकवून न्यावं लागतं, आणि एकेक दात म्हणजे करवत. मेकॅनिकने दुधाची रिकामी पिशवी कापली, दातांभोवती घट्ट गुंडाळली, वरून ऑइल चोपडलं आणि सील अलगद पार केलं. "इथेच नव्वद टक्के किटं फुकट जातात सर." टक्केवारी त्यांची, मी मोजलेली नाही. पण ओठ कोणत्या बाजूला तोंड करून बसवायचा हे त्यांनी दोनदा तपासलं. उलटा बसला तर पंपही उलटा होतो, आणि ऑइल आत ओढायच्या ऐवजी बाहेर काढतो.

मग पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टीयरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेकदा फिरवलं, म्हणजे हवा टाकीत वर येते. घाईने इंजिन सुरू केलं की ऑइलचा ताकासारखा फेस होतो नि पंप ओरडतो. हवा दाबली जाते, ऑइल जवळपास नाही, म्हणून फेसाचं स्टीयरिंग भुसभुशीत लागतं. शेवटी अलाइनमेंट.

सुझुकीने १९८८ मध्ये जपानात सर्व्हो या छोट्या गाडीला विजेचं पावर स्टीयरिंग दिलं, आणि आता नव्या छोट्या गाड्यांच्या स्टीयरिंगमध्ये ऑइल उरलेलंच नाही. फरशीवर लाल डाग पडलेला पुढच्या पिढीला बहुधा दिसणारही नाही.

पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा वर घेतली. बूट मागे सरकवला. आत कोरडं, फक्त दांड्यावर श्वास सोडल्यासारखी बारीक ओलसर चकाकी. मेकॅनिकने फडकं पुढे केलं. म्हटलं, राहू द्या, ती आत जाणार आहे.