नरकश्रद्धा (करवीर परिसराच्या संदर्भात)

मरणानंतर माणसाच्या कर्मांचा निवाडा होतो आणि पाप्याला यातना भोगाव्या लागतात, ही श्रद्धा. हिंदू, बौद्ध, जैन, ख्रिस्ती व इस्लाम या धर्मांत ती निरनिराळ्या रूपांत आढळते. असे भय घालणारा धर्म माणसे आपखुशीने का धरून ठेवतात, हा तिच्या अभ्यासातील जुना प्रश्न आहे. कोल्हापूर परिसरात शिलाहार राजघराण्याचे दानलेख, जैन परंपरा, क्षेत्रमाहात्म्य आणि एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती मिशन ही सर्व साधने एकाच टापूत असल्याने येथील पुरावा त्या दृष्टीने उपयोगी पडतो.

उगम : ऋग्वेदात नरक आहे की नाही, याविषयी एकमत नाही. दहाव्या मंडलातील यम (१०.१४) हा पितरांचा राजा आहे, त्याचे दोन कुत्रे वाट राखतात, पण तो दंड देत नाही. सातव्या मंडलातील एका सूक्तात (७.१०४) मात्र दुष्टांना आधार नसलेल्या अंधारात, खोल विवरात लोटावे, अशी इंद्र-सोमांना विनवणी आहे. जर्मन वेदाभ्यासक रूडोल्फ रोट यांच्या मते यातून दुष्टांचा नाश एवढाच अर्थ निघतो. त्यांच्याच क्षेत्रातील हाइन्रिख त्सिमर यांनी तेथे नरकाची कल्पना मानली. सुकृताचे फळ परलोकात मिळते असे मानणारे लोक दुष्कृताची काहीच सोय लावत नसतील, हे संभवनीय वाटत नाही. त्यामुळे रोट यांचे मत अतिसावध म्हणावे लागते. स्पष्ट उल्लेख अथर्ववेदात आहे (१२.४.३६). मागितलेली गाय ब्राह्मणाला न देणाऱ्याला तेथे ‘नारक’ लोक, म्हणजे नरकाचे जग, सांगितला आहे. शतपथब्राह्मणात (११.६.१) भृगूला परलोकात माणसे माणसांचे तुकडे करून खाताना दिसतात. मनुस्मृतीत एकवीस नरकांची यादी येते (४.८८–९०), तीही लोभी व शास्त्रबाह्य वागणाऱ्या राजाकडून दान घेणाऱ्यासाठी. भागवताच्या पाचव्या स्कंधात नरकांची संख्या २८ झाली आहे. पुढे वर्णने फुगत गेली आणि प्रत्येक पापाला स्वतंत्र यातना नेमल्या गेल्या. अथर्ववेद व मनुस्मृतीतील वरील दोन्ही ठिकाणी मात्र चोर-दरोडेखोरांपेक्षा दान, मालमत्ता आणि राजसत्ता यांचाच संबंध दिसतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दानलेखांतील शाप : करवीरच्या शिलाहारांचा काळ साधारणपणे दहाव्या शतकाच्या मध्यापासून तेराव्या शतकाच्या आरंभापर्यंत धरतात. गंडरादित्य, विजयादित्य व दुसरा भोज यांच्या काळात ब्राह्मणांना, देवळांना आणि जैन बसदींना (मंदिरांना) जमिनी दिल्या गेल्या. गंडरादित्याचा सामंत निंबदेव याच्याशी संबंधित रूपनारायण बसदी कोल्हापुरातच होती. अशा लेखांच्या अखेरीस सामान्यतः शापश्लोक येतात. त्यांतील सर्वांत रूढ श्लोक असा : ‘स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुंधराम् । षष्टिवर्षसहस्राणि विष्ठायां जायते कृमिः ॥’ म्हणजे स्वतः दिलेली वा दुसऱ्याने दिलेली भूमी जो हिरावून घेईल, तो साठ हजार वर्षे विष्ठेत कृमी होऊन राहील. हा श्लोक शिलाहारांचा नव्हे. भारतभरच्या ताम्रपटांत तो आढळतो आणि जैन दानांतही चालतो. त्याचा रोख पुढच्या राजावर असतो. दान मोडणाऱ्या राजाला जाब विचारील असे न्यायपीठ पृथ्वीवर नव्हते, ते परलोकात कल्पिले गेले. कोकणात व दक्षिण महाराष्ट्रात आढळणाऱ्या गधेगाळींवर, म्हणजे गाढव व स्त्री कोरलेल्या शापशिळांवर, हाच धाक चित्रातून घातलेला दिसतो, पण तेथे शिक्षा नरकाची नसून घरच्या स्त्रीच्या अब्रूची आहे. वाचता न येणाऱ्यालाही ती कळत असे.

जैन कल्पना : कोल्हापुरात लक्ष्मीसेन भट्टारकांचा मठ असून जिल्ह्याच्या पूर्व भागात जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. जैन मतानुसार रत्नप्रभा ते महातमःप्रभा अशा सात नरकभूमी एकीखाली एक आहेत. पहिल्या भूमीत किमान आयुष्य दहा हजार वर्षे, तर सातव्या भूमीत कमाल तेहेतीस सागरोपमे (सागरोपम हे जैनांचे अतिदीर्घ कालमान). काळ कल्पनेपलीकडचा असला तरी त्याला अंत आहे. शिवाय निवाडा करणारा कोणी नाही. कर्म आपोआप फळते. त्यामुळे ‘दयाळू देव नरकात कसा टाकतो’ हा ख्रिस्ती धर्मशास्त्राला पडलेला पेच येथे उद्भवतच नाही.

स्वीकाराची कारणे : केवळ भीती हे स्पष्टीकरण अपुरे आहे. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी कर्मसिद्धान्ताला दुःखाच्या उपपत्तींपैकी अत्यंत सुसंगत उपपत्ती मानले. सज्जनाचे हाल आणि दुर्जनाची भरभराट यांचा हिशेब तिच्यात जुळतो. अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स इॲनाकोन (१९९४) यांच्या मते कडक नियमांचे पंथ अर्धवट मनाच्या लोकांना दूर ठेवतात, म्हणून ते टिकतात. मानसशास्त्रज्ञ अझीम शरीफ व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ६७ देशांच्या आकडेवारीवरून नरकावरील विश्वास स्वर्गावरील विश्वासाहून जास्त असेल तेथे गुन्ह्यांचे प्रमाण कमी आढळल्याचे मांडले. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. करवीरच्या पुराव्यावरून पाहता वेबर यांची दिशा अधिक पटते : श्रद्धावान नरक बहुधा स्वतःसाठी मानत नाही, न्यायाच्या हातून सुटलेल्यासाठी मानतो.

स्वतःसाठी उतारा ठेवलेला असतोच. करवीरमाहात्म्यात हे क्षेत्र वाराणसीपेक्षा ‘यवाधिक’, म्हणजे जवाच्या दाण्याएवढे सरस आणि भुक्ती व मुक्ती दोन्ही देणारे म्हटले आहे. (काशीवर कुरघोडी करताना माहात्म्यकाराने माप मात्र हातचे राखून वापरले आहे.) पंचगंगेवरील स्नान, प्रायश्चित्त, वैतरणी पार होण्यासाठी गोदान, सुतकात गरुडपुराणाचे वाचन हे सर्व याच व्यवस्थेतले. १९११ पासून कोल्हापुरात संघटित झालेल्या सत्यशोधकांनी देव आणि माणूस यांच्यामधील पुरोहिताचे स्थान नाकारले, तेव्हा हे उतारेही वादात सापडले.

ख्रिस्ती मिशन : रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरास आले, १८७० मध्ये हे मिशन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. शेवटचा न्याय एकदाच होतो आणि त्याचे फळ कायमचे असते, ही त्यांची शिकवण पुनर्जन्म मानणाऱ्यांना नवी होती. मुसलमान समाजाला कयामतचा दिवस पूर्वीपासून परिचित होता.

लोकव्यवहार : बोलण्यात नरकापेक्षा इहलोकीच्या निवाड्यावर भर दिसतो. ‘इथंच फेडून जायचंय’, ‘देवाच्या काठीला आवाज नसतो’ ही वाक्ये भाऊबंदकीच्या आणि बांधाच्या वादांत ऐकू येतात. अंबाबाईची किंवा जोतिबाची शपथ घालणे, बेलभंडार उचलायला लावणे हे प्रकारही याच समजुतीवर उभे आहेत : खोटे बोलणाऱ्याला देव याच जन्मी बघून घेईल. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर यमाची चौदा नावे घेऊन तर्पण करण्याचा विधी सांगितला आहे. कारीट फोडण्याची रीत कोकणाकडे अधिक आहे.