सोवचस्सता

सोवचस्सता ही पाली भाषेतील संज्ञा आहे. ज्याला त्याची चूक सहज सांगता येते आणि सांगितलेले जो मनावर घेतो, तो ‘सुवच’, आणि असे असणे म्हणजे सोवचस्सता; त्याच्या उलट तो ‘दुब्बच’. नागपूरकडच्या बोलीत ‘त्याले काही सांगाची सोय नाही’ असे ज्याच्याविषयी म्हणतात, तोच हा दुब्बच होय. या संज्ञेसाठी ‘आज्ञाधारकपणा’ हा मराठी शब्द योजणे मात्र योग्य नाही. आज्ञाधारकपणात हुकूम गृहीत असतो आणि सोवचस्सतेत समज.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि पुढे विहारांतून व घरोघरी होणाऱ्या सुत्तांच्या, म्हणजे बौद्ध उपदेशवचनांच्या, पठणातून हा शब्द येथील लोकांच्या कानांवर पडू लागला. महामंगल सुत्तातील अडतीस मंगलांत ‘खन्ती च सोवचस्सता’ अशी त्याची गणना क्षमेच्या जोडीने होते. ही जोडी अर्थपूर्ण आहे, कारण स्वतःचा दोष ऐकून घेण्यासाठी आधी सहन करण्याची ताकद लागते. करणीयमेत्त सुत्तातही ‘सुवच’ हे विशेषण ‘मृदू’ आणि ‘निरभिमानी’ यांच्या पंक्तीत येते.

बुद्धवंदनेत बुद्धाला ‘पुरिसदम्मसारथि’, म्हणजे वळण लावण्याजोग्या माणसांचा सारथी, म्हटले आहे. या उपमेचा उलगडा अंगुत्तरनिकाय या सुत्तसंग्रहातील केसिसुत्तात होतो. घोडे शिकवणारा केसी सांगतो, की तो काही घोड्यांना गोडीने, काहींना कठोरपणे, तर काहींना दोन्ही रीतींनी वळण लावतो, आणि कशानेच न वळणारा घोडा मारून टाकतो. बुद्ध आपल्याही याच रीती असल्याचे सांगतात, तेव्हा केसी चकित होतो, कारण बुद्धाला प्राणिहत्या वर्ज्य आहे. त्यावर बुद्ध म्हणतात, की ज्याला काही सांगण्यात अर्थ नाही असे तथागताला, म्हणजे बुद्धाला, आणि सुज्ञ सहकाऱ्यांनाही वाटू लागते, त्याचा तोच वध होय. हट्टी छन्न भिक्खूला दिलेला ‘ब्रह्मदंड’ याच जातीचा होता: त्याने वाटेल ते बोलावे, इतरांनी मात्र त्याला काहीच सांगू नये. तो ऐकताच छन्न खचला, आणि मग सुधारलाही.

दुब्बच कोण, याची बारकाईने केलेली चिकित्सा मज्झिमनिकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहातील अनुमानसुत्तात आढळते. आत्मस्तुती, क्रोध, चूक दाखवणाऱ्यालाच उलट दोष देणे, विषयाला बगल देणे आणि आपले मत न सोडणे हे त्यांतील काही दोष होत. आरशात चेहरा न्याहाळून डाग पुसणाऱ्या तरुण-तरुणीप्रमाणे भिक्खूने हे दोष स्वतःच तपासावेत, असे तेथे म्हटले आहे.

ज्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या जन्माच्या आधारे ताबेदारी लादली गेली, त्याने ‘सांगितलेले ऐकणे’ हा सद्गुण का मानावा, हा प्रश्न नागपुरात तरी टाळता येत नाही. त्याचे उत्तर कालामसुत्तात मिळते: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा हा श्रमण आपला गुरू आहे म्हणूनही एखादी गोष्ट स्वीकारू नये; ती हिताची की अहिताची हे स्वतः पारखावे. शिवाय चूक दाखवणाऱ्यावरही पाच अटी घातलेल्या आहेत: त्याने योग्य वेळी, खरे, मृदू शब्दांत, हिताचे आणि मनात मैत्री बाळगूनच बोलावे.