हेक्स बोअरचं बेअरिंग घ्यायचं की गोल बोअरचं?

एफआरसी, म्हणजे अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनच्या रोबोटांमध्ये अर्ध्या इंचाचा षटकोनी शाफ्ट जागोजागी दिसतो. त्याच्यासाठी दोन प्रकारची बेअरिंग मिळतात. एकाचं भोक (बोअर) षटकोनी, म्हणजे हेक्स, दुसऱ्याचं गोल, १३.७५ मिमीचं. बाकी दोघं जुळी भावंडं. बाहेरचा व्यास दोन्हींचा एक इंच एक सूत, म्हणजे २८.५७५ मिमी. फ्लँज, म्हणजे बाहेर आलेली कडही दोन्हींना असते, त्यामुळे प्लेटमधल्या एकाच मापाच्या भोकात दोन्ही बसतात. गोंधळ होतो तो इथेच. मुंबईहून या स्पर्धेला जाणाऱ्या शालेय टीमसारखं ज्यांना सामान बाहेरून मागवावं लागतं, त्यांना तो महागात पडतो.

आधी शाफ्ट बघा. अर्धा इंच हे समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर, १२.७ मिमी. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत व्हर्निअर लावला तर पूर्ण षटकोनी शाफ्ट १४.६६ मिमी भरतो. दुसऱ्या प्रकारच्या शाफ्टचे कोपरे गोलाईत उतरवून १३.७५ वर आणलेले असतात. वेक्सप्रो कंपनीचा थंडरहेक्स तो हाच. सपाट बाजू दोन्हींच्या सारख्याच, म्हणून थंडरहेक्स दोन्ही बेअरिंगांत जातो आणि हेक्स बोअरच्या गिअरमध्येही. पूर्ण षटकोनी शाफ्ट मात्र गोल बोअरमध्ये शिरणार नाही. जवळजवळ एक मिलिमीटरचा प्रश्न आहे, हातोडीने सुटणारा नाही.

‘षटकोनी भोक म्हणजे पकड घट्ट, म्हणजे ताकद जास्त’ असं पुष्कळांना वाटतं. पण बेअरिंगकडून टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, न्यायचाच नसतो. टॉर्क मोटरकडून गिअरला, गिअरकडून शाफ्टला आणि शाफ्टकडून चाकाला जातो. बेअरिंगने फक्त शाफ्ट जागेवर धरायचा आणि सहज फिरू द्यायचा. षटकोन लागतो तो गिअरच्या, पुलीच्या आणि हबच्या भोकात. बेअरिंगमध्ये तो आला, कारण शाफ्ट षटकोनी होता आणि त्याचं टोक लेथवर गोल करत बसायला वेळ नव्हता.

त्या सोयीची किंमत अचूकतेत मोजावी लागते. गोल बोअर ग्राइंडिंगने अगदी नेमका करता येतो. षटकोनी भोकात तेवढी नेमकी समकेंद्रता मिळत नाही, शिवाय षटकोनी बार स्वतःही मापात थोडा इकडेतिकडे असतो. मग एक शाफ्ट कानस मारल्याशिवाय आत जात नाही आणि दुसरा इतका ढिला बसतो की हाताला खेळ जाणवतो. चेंडू फेकणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या शूटरच्या शाफ्टवर हा खेळ थरथर बनून बाहेर येतो. तिथे गोल बोअरच घ्यावा, यात मला तरी शंका नाही.

पण गोल बोअरलाही खोट आहे. १३.७५ च्या वर्तुळातून १२.७ च्या सहा सपाट बाजू कापल्या की टेकायला उरतात सहा पट्ट्या, प्रत्येकी साधारण १.८ मिमी रुंद. हिशेब केला तर परिघाचा जेमतेम चौथा भाग. शिवाय आतली रिंग शाफ्टबरोबर फिरलीच पाहिजे अशी सक्ती इथे नाही. बेअरिंग कचऱ्याने किंवा बाजूच्या दाबाने जड झालं, तर शाफ्ट रिंगच्या आतच घसरतो आणि ॲल्युमिनियमच्या त्या पट्ट्या झिजतात. हेक्स बोअरमध्ये हे होऊ शकत नाही. रोबोटच्या आर्मच्या (हाताच्या) सांध्यावर भार मोठा, वेग कमी आणि झटके भरपूर असतात. तिथे मी हेक्स बोअर निवडेन, थोडा खेळ राहिला तरी.

एफटीसी, म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंजच्या लहान रोबोटांतही हीच जोडी आहे. गोबिल्डा कंपनीचा ८ मिमी रेक्स शाफ्ट सपाट बाजूंवर ७ मिमी आणि कोपऱ्यांवर ८, म्हणून तो ८ मिमीच्या साध्या गोल बेअरिंगमध्ये जातो. स्केटच्या चाकातलं ६०८ नंबरचं बेअरिंगही आतून ८ मिमीचंच असतं आणि ते गल्लीतल्या बेअरिंगच्या दुकानातही मिळतं. रेव्ह कंपनीचा ५ मिमी हेक्स मात्र पूर्ण षटकोनी, सपाट बाजूंवर ५ मिमीचा असतो.

बसवण्याची पद्धत दोन्हींची एकच. प्लेटमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर द्यायचा, शाफ्ट दाबताना आधार आतल्या रिंगला. उलट केलं तर सगळा दाब गोळ्यांमधून जातो, रेसवर, म्हणजे गोळ्यांच्या वाटेवर, खळगे पडतात आणि बेअरिंग फिरताना खरखरतं. स्पेसर, म्हणजे शाफ्टवर अंतर राखणारी नळी, फक्त आतल्या रिंगला टेकला पाहिजे. तो बाहेरच्या रिंगला घासला की लोक उगीच बेअरिंगला दोष देतात. पूर्ण षटकोनी शाफ्टच्या कापलेल्या टोकाची बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड, आधी कानशीने काढा, नाहीतर ती हेक्स बोअरच्या कोपऱ्यात अडकते.

आणि इथे स्थानिक बाजारातून हेक्स बार घेत असाल तर एक सावधगिरी. दुकानदार जो जवळचा आकडा देईल तो बहुधा १३ मिमी असेल, एम८ बोल्टच्या डोक्याचं माप, १२-१३ च्या पान्यातलं. अर्ध्या इंचापेक्षा तो ०.३ मिमीने जाड आहे. तो ना हेक्स बेअरिंगमध्ये जाईल, ना गिअरमध्ये. आणि सहाही बाजू कानशीने सारख्या उतरवणं हाताने होत नाही. टोक लेथवर गोल करून गोल बेअरिंगचा प्रश्न सुटेल, पण गिअरचं भोक मग १३ चंच पाडून घ्यावं लागेल.