सुरक्षितता व आरोग्याची जाण, बालवयातील

इजा कशाने होते, आजारपण कशाने येते आणि त्यातून स्वतःला कसे जपावे, हे लहान मुलाला हळूहळू उमगत जाणे. सांगून-समजावून ही जाण फारशी येत नाही. आधी ती अंगवळणी पडते, कारण मागाहून कळते.

१९६० मध्ये एलिनॉर गिब्सन व रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी काचेच्या टेबलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. अर्ध्या काचेला लागूनच चौकडीचे कापड होते, उरलेल्या भागात ते खाली जमिनीवर, म्हणून तिथे खोल कडा असल्याचा भास होई. बहुतेक रांगती बाळे आई बोलावत असूनही ‘खोल’ बाजूवर गेली नाहीत. १९८५ मध्ये कडा जरा उथळ ठेवून असाच प्रयोग झाला, तेव्हा वर्षाची बाळे आईच्या तोंडाकडे पाहू लागली. आई हसरी असताना १९ पैकी १४ पलीकडे गेली. ती घाबरलेली दिसली तेव्हा १७ पैकी एकही नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ यांना आढळले, की बसून शिकलेला सावधपणा रांगायला लागल्यावर कामी येत नाही. तेव्हा ‘आता कळतं हं त्याला’ म्हणून बाळाला पलंगावर एकटे सोडू नये.

रोगजंतू तर दिसतही नाहीत. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘मी खोडी केली म्हणून ताप आला’ असे खुशाल वाटते, आणि ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ ही घरोघरची धमकी तो समज पक्काच करते. जेवणाआधी हात धुण्याची सवय मात्र जंतू ठाऊक नसतानाही लागते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला चालवलेल्या बालवाड्यांत स्वच्छता हा रोजच्या कामाचाच भाग होता.

रस्ता ओलांडण्याचे नियम पाठ असले, तरी सात-आठ वर्षांच्या मुलाला येणाऱ्या गाडीच्या वेगाचा नीट अंदाज येत नाही. हात धरावाच लागतो.

स्पर्शाबाबत ‘चांगला-वाईट’पेक्षा ‘सुरक्षित-असुरक्षित’ ही विभागणी बरी: इंजेक्शन दुखते पण सुरक्षित असते, आणि ओळखीच्या माणसाचे लाड सुरक्षित असतीलच असे नाही. अडचणीतील मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०१२ च्या पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यानुसार अशा अत्याचाराची माहिती असलेल्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्याबद्दलची शिक्षा मोठ्यांना होते, मुलाला नाही.