चिनी बोलण्यासाठी आधी हजारो अक्षरे पाठ करावी लागतात का?

चिनी भाषा बोलायची असेल तर आधी तिची हजारो चित्राक्षरे पाठ करावी लागतात, हा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जात आहे. ती लिपी पाहिल्यावर असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बोलणे आणि लिहिणे ही वेगळी कौशल्ये आहेत. १९४९ च्या सुमारास चीनमधील बहुसंख्य लोक निरक्षर होते, तरीही आपली भाषा ते अस्खलित बोलत होते.

१९५८ साली तेथे मान्यता मिळालेल्या पिनयिन या रोमन लेखनपद्धतीमुळे, एकही चित्राक्षर न ओळखता मँडरिनचे, म्हणजे प्रमाण चिनी भाषेचे, उच्चार वाचता येतात. मात्र ती रोमन अक्षरे इंग्रजीप्रमाणे वाचू नयेत. पिनयिनमधील ‘बी’चा उच्चार आपल्या ‘प’सारखा, तर ‘पी’चा ओठ मिटून केलेल्या ‘फ’सारखा असतो, आणि हा भेद मराठीभाषकांच्या जिभेवर आधीपासूनच आहे. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून पाहावे: ‘पी’च्या वेळी ती स्पष्ट हलली पाहिजे, ‘बी’च्या वेळी जवळजवळ नाही.

खरी मेहनत सुरांवर, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या आवाजाच्या चार ठरावीक वळणांवर, घ्यावी लागते. ‘माय’ हा उच्चार खालच्या, तिसऱ्या सुरात केला तर अर्थ विकत घेणे, आणि झपाट्याने उतरणाऱ्या चौथ्या सुरात केला तर विकणे. म्हणून प्रत्येक शब्द सुरासकटच पाठ करावा. सुटे शब्द घोटणेही पुरेसे नाही, कारण ‘नी हाओ’मध्ये (म्हणजे ‘नमस्कार’) दोन तिसरे सूर लागून आल्यामुळे ‘नी’चा सूर दुसऱ्या क्रमांकाच्या सुरासारखा चढतो. मूळ भाषकाचे छोटे वाक्य ऐकून लगेच म्हणावे, फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि दोन्ही लागोपाठ ऐकावीत. चूक कुठे होते, ते तिथेच कळते.