ट्रेकची वाट वेगळी, पळायची वाट वेगळी

नाशिकला दोन दिवसांच्या कामासाठी आलेला पळणारा माणूस पहिल्याच संध्याकाळी विचारतो, "डांबर सोडून पळायला इथे कुठे जाता येईल?" आणि आपण नाशिककर एका दमात सांगून मोकळे होतो: हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी, वेळ असेल तर कळसूबाई. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, त्याला आपल्या डोंगरांचा अभिमान असतो. पण प्रश्न पळण्याचा होता आणि उत्तर चढण्याचं मिळालं. हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा नीट लिहून टाकतो.

घोळ 'ट्रेक' आणि 'ट्रेल' या दोन शब्दांतून सुरू होतो. दोन्हींत माती, दगड, डोंगर आणि पहाटेचं उठणं आहे, म्हणून दोन्ही एकच वाटतात. ट्रेक तुम्हाला ठाऊकच आहे: पायथ्याचं गाव, सोंडेवरून चढ, एखादा कातळटप्पा, माथ्यावर पाण्याचं टाकं, परत. तिथे हिशोब माथा गाठण्याचा असतो. त्यावर जास्त लिहीत नाही. ट्रेल म्हणजे पळायची मातीची वाट, आणि तिच्यावर पळणाऱ्याचा हिशोब लयीचा असतो. दहा किलोमीटरच्या वाटेत निदान सात-आठ किलोमीटर पाय पळते राहायला हवेत. मधे हात टेकून चढावं लागलं की लय मोडते, आणि ती लय अनुभवण्यासाठीच तर माणूस परक्या शहरात साडेपाचचा गजर लावतो.

दोन्ही मातीच्याच वाटा, मग फरक नेमका कशात? माझ्या मते एकाच प्रश्नात: ही वाट कुणी, कशासाठी पाडली?

किल्ल्याची वाट शत्रूला दमवण्यासाठी ठेवलेली असते. ती अरुंद, उभी आणि वरून मारा करता येईल अशी असणं हाच तिचा गुण. हरिहरच्या कोरीव पायऱ्या बघा. जवळजवळ उभ्या कड्यात खोदलेल्या, एका वेळी एकच माणूस जाईल एवढ्या रुंद, बाजूला बोटं अडकवायला खोबण्या. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी त्या खोदल्या त्यांना वर कुणी पळत यायला नकोच होतं. आज आपण पाहुण्याला तिथे पळायला पाठवतो.

गेल्या डिसेंबरात माझा मावसभाऊ नागपूरहून आला होता. तो रोज पळणारा. मी कामात होतो, म्हणून त्यानं दुसऱ्या कुणाला विचारलं आणि रविवारी पहाटे गाडी काढून हर्षेवाडीकडून हरिहर गाठला. दुपारी घरी आला तो पायरीवरच बसला. "दादा, घड्याळात अडीच तास आणि तीन किलोमीटर दाखवतंय. त्यातला अर्धा वेळ तर पायऱ्यांच्या रांगेत गेला." किल्ला त्याला फार आवडला होता. पळायचं मात्र राहूनच गेलं होतं, आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती.

याउलट गावाची रोजची वाट. पाड्यापाड्याला जोडणारी पायवाट डोक्यावर हंडा किंवा सरपणाची मोळी घेऊन चालायची असते. ती चढ टाळते, वळसा घालते, ओढा जिथे उथळ तिथेच ओलांडते. वजन घेतलेल्या माणसाला जे सोसतं तेच पळणाऱ्याच्या छातीला सोसतं. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवणारी कविता राऊत आपल्या हरसूल भागातल्या सावरपाड्याची. त्या भागात एकदा पहाटे पाड्यांमधल्या वाटांवर चालून बघा, मग मी काय म्हणतोय ते पायाला कळेल.

आणि पळण्यासाठी सगळ्यांत उत्तम वाट पाण्यासाठी पाडलेली असते. गंगापूर धरणातून निघालेला डावा कालवा मखमलाबाद-म्हसरूळच्या अंगानं जातो. बोलताना आपण त्याला पाटच म्हणतो. पाटाला पंप नसतो, पाणी आपल्याच वजनानं वाहतं. म्हणून आखणी करताना त्याला उतार देतात तो किलोमीटरमागे हातभरही नसतो. डोंगर आडवा आला तर पाट त्यावर चढत नाही, त्याची पातळी धरून वळसा घेतो. त्याच्या कडेनं देखरेखीच्या जीपसाठी ठेवलेला रस्ताही अर्थातच तसाच सपाट आणि वळणावळणाचा. काही ठिकाणी आता त्यावर डांबर पडलंय, मला ते आवडत नाही, पण बराच भाग अजून मुरमाचा आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही धरणाच्या गावी मुक्कामाला गेलात तर आधी किल्ला शोधू नका, पाट शोधा. नकाशावर समोच्च रेषांना, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांना, समांतर जाणारी निळी रेघ दिसली की काम झालं.

दुसऱ्या दिवशी भावाला तिथेच नेलं. पाटाला आवर्तन सुटलं होतं, पाणी काठोकाठ. डावीकडे पाणी, उजवीकडे द्राक्षबाग, मधे चाकांच्या दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामध्ये दवानं भिजलेलं गवत. तो एका चाकोरीत, मी दुसऱ्या. पहिले पाच किलोमीटर आम्ही दोघं बोललोही नाही. मग पाट सोडून चामरलेण्यांच्या डोंगराकडे वळलो. लेण्यांच्या पायऱ्या भाविकांच्या आहेत, तिथे पळू नये. पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर रविवारी लहान मुलांमधून धडधडत उतरणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. पायथ्याच्या मुरमाड वाटांवर मात्र थोडा चढ-उतार मिळतो, तेवढा पुरतो.

पाहुण्याला सोबतीला कुणी नसेल तर नकाशावरून ओळखायचं कसं? आधी चढ मोजा. मी स्वतःसाठी धरलेला ठोकताळा असा: किलोमीटरमागे तीस-चाळीस मीटर चढ असेल तर रोज पळणाऱ्याला तो पळत जाता येतो, साठ-सत्तर झाला की पळणं-चालणं मिसळतं, आणि शंभराच्या वर गेला की तो ट्रेक. शेजारच्या दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटर उंचीचा फरक असेल तर एका किलोमीटरच्या वाटेनं दोन रेघा ओलांडल्या तर निघा, पाच ओलांडल्या तर ती वाट चालण्यासाठी ठेवा. चढ चालत जाऊ आणि उतार पळत येऊ, असंही काही जण म्हणतात. आपल्याकडच्या डोंगरांवर घसारा असतो. कातळावर मुरमाचा पातळ थर, बाजरीच्या दाण्यांवर पाय पडावा तसा. त्यावर उतारात पळणं फार थोड्यांना जमतं, आणि त्यांना हा लेख वाचायची गरज नाही.

मग रेघ बघा. ओपनस्ट्रीटमॅपच्या नेहमीच्या नकाशात शेतातला गाडीरस्ता तपकिरी तुटक रेघेनं दाखवतात आणि पायवाट लालसर ठिपक्यांनी. आपल्याला हवी ती बहुधा तपकिरी. ती म्हणजे पाणंद किंवा शिवरस्ता, बैलगाडी आणि ट्रॅक्टरसाठी काढलेला, म्हणजे बैलाला झेपेल एवढाच चढ. उपग्रहाच्या चित्रात मोठं करून बघितलं तर दोन समांतर चाकोऱ्या दिसतात. एकच पांढरा दोरा नागमोडी वर जाताना दिसला तर ती डोंगर चढते आहे असं समजा.

माझा सगळ्यांत जास्त राग आहे तो हीटमॅपवर, म्हणजे कुठल्या वाटेनं किती जण गेले ते उजेडानं दाखवणाऱ्या नकाशावर, डोळे झाकून विश्वास ठेवण्यावर. अ‍ॅपमध्ये रेघ जितकी उजळ तितकी वाट पळायला चांगली, असं समजतात. पण घड्याळ लावून ट्रेक करणारेही त्याच रेघेवर उजेड पाडतात, सायकलवालेही पाडतात. हरिहरची रेघ उजळ दिसते ती माणसं तिथे चढतात म्हणून. रेघेऐवजी वेग बघा. लोकांचा वेग किलोमीटरला अठरा-वीस मिनिटं असेल तर ते चालत होते.

अंजनेरीचं वेगळं सांगतो, कारण तिचा माथा विस्तीर्ण पठार आहे आणि चित्रात ते पळायला फार मोहक दिसतं. तिथे कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ मध्ये शास्त्रात नोंदवलेली आणि डोंगराचंच नाव मिळालेली. हा भाग संवर्धन राखीव आहे. पावसाळ्यात पठारावरच्या मातीत काय उगवून आलंय ते पळणाऱ्याच्या नजरेला दिसत नाही, आणि वाट सोडून पडलेलं एक पाऊलही तिथे महाग पडतं. अंजनेरीला चालतच जा, वाटेवरूनच.

देवळालीच्या बाजूला उपग्रहाच्या चित्रात मोठा मोकळा माळ दिसतो, त्यातून चाकोऱ्याही गेलेल्या दिसतात. वर दिलेली प्रत्येक खूण तिथे जुळते. तरीही तिथे शिरू नका. देवळालीला लष्कराचं तोफखाना प्रशिक्षण केंद्र आहे आणि तो माळ त्यांच्या सरावाचा आहे. ती वाट कुणाची हा प्रश्न इथेही उपयोगी पडतो.

पाटाच्या वाटेवरही काही गोष्टी पाळाव्या लागतात. उजाडल्याशिवाय निघू नका. उसाच्या आणि मळ्याच्या भागात बिबट्या असतो, आणि अंधारात कानात गाणी घालून एकट्यानं पळणं मला अजिबात मान्य नाही. अस्तर केलेल्या पाटात हात-तोंड धुवायला उतरू नका. तिरक्या काँक्रीटवर शेवाळ असतं, आत घसरलेल्याला वर येता येत नाही. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की द्राक्षबागांमध्ये औषध मारणं सुरू होतं. ब्लोअरचा आवाज आला आणि ओळींवर पांढरट धुकं दिसलं तर मागे फिरा किंवा वारा जिकडून येतोय त्या बाजूनं जा. खोल श्वास घेत त्या धुक्यातून जाऊ नये. आणि पाणंदीवर समोरून ट्रॅक्टर आला तर आपण बांधावर चढायचं. रस्ता त्याचा आहे.

पावसाळ्यात आणखी एक. पाऊस पडून गेला असेल तर निघण्याआधी वाटेवरची माती चिमटीत घेऊन चोळा. खडा बोटाला टोचला तर मुरूम आहे, पाणी निथळून जातं, खुशाल पळा. माती बोटांना चिकटून तिची गोळी वळली तर ती काळी आहे. शंभर पावलांत प्रत्येक बुटाखाली भाकरीएवढा थर चढतो, झटकला तरी पडत नाही. त्या दिवशी भावाच्या गाडीला चार तास होते आणि रात्री अवकाळीची एक सर येऊन गेली होती. मखमलाबादच्या पुढे आम्ही खाली वाकून माती चोळली. खडा टोचला.