डीजे इंट्रो

नृत्यसंगीताच्या ट्रॅकमध्ये गाणे किंवा मुख्य सुरावट सुरू होण्यापूर्वीचा, प्रामुख्याने तालवाद्यांचा भाग. चालू ट्रॅकवर पुढचा ट्रॅक ठेका न मोडता चढवता यावा, म्हणून तो मोकळा ठेवतात.

उगमाबाबत एकमत नाही. न्यूयॉर्कमध्ये डीजे फ्रान्सिस ग्रासो १९७० च्या सुमारास दोन तबकड्यांचे ठेके जुळवीत असत, पण तेव्हाच्या गाण्यांत अशी सोय नव्हती. पुष्कळजण श्रेय टॉम मोल्टन यांना देतात. त्यांनी त्याच दशकाच्या मध्यास डिस्को गाणी लांबवली आणि बारा इंची तबकडी रुळवली. मात्र त्यांचा रोख नाचणाऱ्यांची लय तुटू न देण्यावर होता. वॉल्टर गिबन्स स्वतः डीजे. एकाच गाण्याच्या दोन प्रती आलटूनपालटून वाजवून ते ड्रम्सचा तुकडा ताणत. त्यांनी मिक्स केलेले ‘टेन पर्सेंट’ हे गाणे (सॅलसोल ही ध्वनिमुद्रण कंपनी, १९७६) ही सर्वसाधारण विक्रीला आलेली पहिली बारा इंची सिंगल मानली जाते. इंट्रोची रीत डीजेच्या हातांतून स्टुडिओत गेली, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. हाताने वाजवलेल्या ड्रम्सचा वेग थोडा हलतोच, ती अडचण ड्रम मशीनने (उदा., रोलँड टीआर-९०९, १९८३) मिटवली.

हाऊस या नृत्यसंगीताच्या प्रकारात इंट्रो बहुधा १६ किंवा ३२ बारांचा असतो (एक बार म्हणजे चार मात्रा). १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ मात्रा) १६ बार बरोबर ३० सेकंदांत संपतात. पहिल्या आठ बारांत किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि हाय-हॅट (झांजेचा आवाज), पुढच्या आठांत क्लॅप (टाळीचा आवाज). बेस (खालचे, जाड स्वर) मागे ठेवतात, कारण दोन बेस एकत्र आले की आवाज गढूळ होतो. लांबलेले स्वरही टाळतात, नाहीतर दोन ट्रॅकच्या पट्ट्या भांडतात. इंट्रो १५ बारांचा झाला, तर ठेका जुळूनही सम चुकते : जुन्याचे आवर्तन पुरे होण्याआधीच नव्याचा बेस येऊन आदळतो. एमपी३ करताना फाइलच्या आरंभी शांततेचा बारीक तुकडा जोडला जातो. त्यामुळे पहिली किक सरकते आणि सॉफ्टवेअरच्या भरवशावर मिक्स केल्यास दोन किक घोड्याच्या टापांसारख्या मागेपुढे ऐकू येतात.

गोव्यात हणजूणच्या पार्ट्यांमध्ये डॅट टेप (डिजिटल ध्वनिफिती) वाजत. त्या यंत्रांवर वेग बदलता येत नसल्याने ठेका जुळवणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून तिथे घडलेल्या गोवा ट्रान्स या संगीतप्रकारात किकविना, नुसत्या तरंगत्या स्वरांचे लांब इंट्रो आढळतात.